दोन नळ्या, एक ट्रिगर: दुसरा बार काढायचाय हे बंदुकीला कळतं कसं?

गेल्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. भाचीचा फोन आला, "मामा, बंदूक बिघडली." ती ट्रॅप शूटिंग करते, म्हंजे हवेत फेकलेली तबकडी छर्ऱ्यांनी फोडायची, लायसन्सची बारा बोअर आहे, एकावर एक दोन नळ्यांची, ज्याला शूटर लोक ओव्हर-अंडर म्हणतात. रेंजवर जायचं म्हंजे तिला दिल्ली गाठावी लागते, तुघलकाबादला डॉ. कर्णी सिंग रेंज आहे तिथे, त्यामुळे इतर वेळी इथे नाशकात, इंदिरानगरच्या घरीच हॉलमध्ये डमी काडतुसं घालून भिंतीवरच्या रेघेवर बंदूक फिरवायची प्रॅक्टिस चालते. मी अंबडला टूलरूममध्ये काम करतो, जिग-फिक्श्चर बनवतो, घरात मिक्सर बिघडला तरी फोन मलाच येतो, तर बंदुकीचा का नाही येणार.

गेलो. प्रॉब्लेम असा की ट्रिगर ओढला, टक्. सोडला, परत ओढला, काहीच नाही. पहिली नळी टक् वाजते, दुसरी मुकी. मी आपला टॉर्च, स्क्रूड्रायव्हर घेऊन तयार, तेवढ्यात तिने कोचना फोन लावला, ते पलीकडून हसले आणि म्हणाले, दस्त्याच्या मागे तळहाताने एक जोरात थाप मार आणि मग ओढ. तिने मारली. टक्.

मी म्हटलं हा काय जुना टीव्ही आहे का, थापेवर चालणारा? पण बंदूक एकदम ठणठणीत होती. ती थाप का लागते हे समजलं की सिंगल ट्रिगरचं सगळं गणित समजतं, म्हणून हे लिहायला घेतलंय.

आधी दोन ट्रिगरवाली बंदूक बघू, कारण ती समजायला सोपी आणि आपल्या गावाकडे तीच जास्त. निफाडकडे आमचे तात्या आहेत, त्यांच्याकडे जुनी दुबारी आहे, शेजारी-शेजारी नळ्या, द्राक्षाच्या बागेतली पाखरं उठवायला हवेत बार काढायचे. तिला दोन घोडे. (गावाकडे ट्रिगरलाही घोडा म्हणतात आणि आतल्या हॅमरलाही, त्यामुळे बोलताना गोंधळ होतो, मी इथे ट्रिगर आणि हॅमर असंच लिहितो.) पुढचा ट्रिगर एका नळीचा, मागचा दुसऱ्या नळीचा. कोण कुणाचं हे ठरलेलं, विषय संपला.

आत काय असतं? उंदराचा सापळा आठवा, तो लाकडी पट्टीवरचा. स्प्रिंग ताणून तार मागे घ्यायची आणि एका छोट्या खटक्यात अडकवायची. उंदराने धक्का दिला की खटका सुटतो आणि तार फाडकन येते. बंदुकीतला हॅमर म्हंजे ती तार, मागे जाड स्प्रिंग, आणि हॅमरच्या खाचेत अडकलेला तुकडा म्हंजे खटका, इंग्रजीत त्याला सिअर म्हणतात. ट्रिगर फक्त खटका उचलतो, एवढंच त्याचं काम, हॅमरला जोर स्प्रिंगचा असतो, तुमच्या बोटाचा नाही. हॅमर फायरिंग पिनवर आदळतो, पिन काडतुसाच्या बुडावर, आणि बार.

दोन नळ्या म्हंजे दोन सापळे. दोन सापळ्यांना दोन दोऱ्या बांधल्या की झाली दोन ट्रिगरची बंदूक. आता मला एकच दोरी द्या आणि सांगा की पहिल्यांदा ओढली की पहिला सापळा सुटला पाहिजे, दुसऱ्यांदा ओढली की दुसरा. हे काही फार अवघड वाटत नाही ना? बॉलपेन पण करतं की, एकदा दाबलं बाहेर, एकदा दाबलं आत. पहिला खटका सुटला की दोरीचं टोक सरकून दुसऱ्या खटक्याखाली जायचं, एक छोटी स्प्रिंग लावली की काम झालं. मलाही असंच वाटलं होतं. एकोणिसाव्या शतकात विलायतेतल्या बंदूकवाल्यांनाही असंच वाटलं होतं, त्यांनी बनवल्या पण तशा बंदुका, आणि गिऱ्हाईकं परत यायला लागली की साहेब मी एकदाच ओढलं आणि दोन्ही बार एकदम गेले. दुकानदार म्हणणार तुम्ही दोनदा ओढलंत, गिऱ्हाईक देवाशपथ म्हणणार एकदाच ओढलं.

आणि गंमत म्हंजे दोघंही बरोबर होते.

हे समजायला बंदूक लागत नाही, पावसाळ्यातली ॲक्टिव्हा पुरते. तुम्ही पाथर्डी फाट्याकडून हळूहळू येताय, खड्डा आला, गाडी दणकन उडाली, तुमचं अंग मागे गेलं, पण हाताची मूठ ॲक्सिलरेटरवर घट्ट, त्यामुळे अंग मागे जाताना मूठ पण फिरली आणि गाडी अजूनच पळाली. तुम्ही ॲक्सिलरेटर दिलात का? दिलात. द्यायचा होता का? अजिबात नाही. नवीन शिकणारे ज्या प्रकारे समोरच्या भिंतीत जाऊन घुसतात ना, तो हाच प्रकार, झटका हातातून परत मशीनमध्ये जातो.

बंदुकीत तसंच. पहिला बार निघाला की बंदूक मागे येते, चांगलीच जोरात. किती जोरात ते काढू. ट्रॅपच्या काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात, ते साधारण ४०० मीटर प्रति सेकंदाने निघतात. त्यात आतला वॉड, म्हंजे छर्ऱ्यांमागचा प्लॅस्टिकचा कप, आणि दारूचा गॅस धरला आणि बंदूक पावणेचार किलोची धरली तर बंदूक सुमारे ३ मीटर प्रति सेकंदाने मागे येते. म्हंजे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर बऱ्यापैकी पळणाऱ्या माणसाचा स्पीड, आणि तो तुमच्या खांद्यावर येऊन थांबतो. या गडबडीत ट्रिगर बोटापासून सुटतो, खांदा दबतो आणि मग स्प्रिंगसारखा बंदुकीला पुढे ढकलतो, बोट अजून आवळलेलंच आहे कारण मेंदूचा 'सोड' हा निरोप अजून पोचलाच नाही, आणि पुढे येणारा ट्रिगर जाऊन त्या बोटावर आपटतो. झालं, दुसऱ्यांदा ओढलं. माणसाची रिॲक्शन पाव सेकंदाच्या आसपास असते, हे सगळं त्याच्या कितीतरी आधी उरकतं, म्हणून माणसाला कळतच नाही. तो कोर्टात शपथेवर सांगेल एकदाच ओढलं म्हणून.

दोन ट्रिगरच्या बंदुकीत हे होत नाही का? होतं की! पण ते दुसरं ओढणं पडतं त्याच, आधीच रिकाम्या झालेल्या ट्रिगरवर, त्यामुळे काही बिघडत नाही. तात्यांच्या बोटाने आयुष्यभर हे नकळत ओढणं केलंय, त्यांना पत्ता नाही. एक ट्रिगर कमी केला आणि हे लपलेलं भूत बाहेर आलं.

म्हंजे खरा प्रश्न पहिली नळी दुसरी नळी हा नाहीच. प्रश्न असा की एकाच ट्रिगरवर एकामागोमाग तीन ओढी येतात, पहिली मनातली, दुसरी झटक्याची, तिसरी परत मनातली, आणि बंदुकीने त्यातली मधली ओळखून फेकून द्यायची आहे. बोटाचा हेतू ओळखायचा, तो पण लोखंडाच्या चार तुकड्यांनी, बॅटरी नाही, सेन्सर नाही. मी टूलरूमचा माणूस, मला हे वाचल्यावर खरंच हात जोडावेसे वाटले.

एक रस्ता असा की तीन ओढी आहेत ना, मग सरळ तीन मोजा. लंडनच्या बॉस अँड कंपनीच्या जॉन रॉबर्टसन यांनी १८९४ साली जे पेटंट घेतलं ते याच वाटेचं, आत एक फिरणारं छोटं ड्रम, पहिल्या ओढीला पहिली नळी, मग ड्रम एक घर फिरतो आणि मधली ओढ पोकळ जागेत जाते, ती वाया गेली की अजून एक घर, आणि मग दुसऱ्या नळीचा खटका समोर येतो. घड्याळजीचं काम आहे हे. सुंदर, पण हाताने बसवायचं, महाग.

दुसरा रस्ता जास्त चालला आणि तोच भाचीच्या बंदुकीत आहे. त्याची आयडिया अशी की ज्या झटक्याने घोळ केला त्याच झटक्याला कामाला लावा.

आता सिटीलिंकच्या बसमध्ये उभे राहा. दांडी न धरता. बस चालू होते, तुम्ही मागे कलता, बस ब्रेक मारते, तुम्ही पुढे जाता. बसला जे होतं ते तुम्हाला जरा उशिरा होतं, कारण तुम्ही बसला नीट बांधलेले नाही आहात. बंदुकीच्या आत, ट्रिगरच्या वर, असाच एक न बांधलेला प्रवासी ठेवलेला असतो, स्टीलचा छोटा तुकडा, एका पिनवर झुलणारा, मागून हलकी स्प्रिंग. याला इनर्शिया ब्लॉक म्हणतात, आमच्या शॉपमधल्या पोरांनी त्याचं नाव डुलकं ठेवलं आणि मला ते जास्त आवडलं, तेच वापरतो.

ट्रिगर स्वतः खटक्याला हात लावत नाही. ट्रिगर डुलक्याला उचलतो आणि डुलकं खटक्याला उचलतं. बंदूक भरलेली असते तेव्हा डुलकं पहिल्या खटक्याखाली असतं. ओढलं, पहिला हॅमर सुटला, बार झाला, बंदूक मागे आली आणि खांद्यावर थांबली, बसने ब्रेक मारला तशी, आणि डुलकं आपल्याच नादात झुलून पहिल्या खटक्याच्या खालून बाहेर निघालं. नेमक्या याच वेळी ती मधली, झटक्याची ओढ येते. ट्रिगर वर जातो, पण डुलकं तेव्हा कुठल्याच खटक्याखाली नसतं, त्यामुळे ओढ हवेत जाते. मग झटका शांत होतो, माणूस बोट सोडतो, ट्रिगर खाली बसतो, आणि आता डुलक्याला स्प्रिंग दुसऱ्या खटक्याखाली नेऊन ठेवते. तिसरी ओढ, दुसरा बार. प्रत्येक कंपनीचा आकार वेगळा, कुठे हूक असतो कुठे ठोकळा, पण खेळ हाच.

आता थापेचं कोडं सुटलं ना? घरात डमी काडतुसाने झटका बसत नाही, झटका नाही म्हणून डुलकं जागचं हलत नाही, ते अजून पहिल्या खटक्याखालीच बसलंय, आणि पहिला हॅमर तर कधीच पडलाय. तुम्ही कितीही ओढा, रिकाम्या सापळ्याची दोरी ओढताय. दस्त्यावर थाप म्हंजे खोटा झटका. भाचीला सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हंजे बंदूक पुरावा मागते, बार झाल्याचा." पोरीने मला तासभर जे नीट सांगता येत नव्हतं ते एका वाक्यात सांगितलं.

पण पुरावा मागणाऱ्याचा त्रास पण असतो, आपण सरकारी खिडकीवर भोगतोच. पहिलं काडतूस फुसकं निघालं तर? पिन आदळली, बार झालाच नाही. झटका नाही, पुरावा नाही, डुलकं जागेवर, दुसऱ्या नळीत चांगलं काडतूस असून बंदूक ते देत नाही. नळी बदलायचं बटण सरकवलं तर दुसरी नळी चालते, पण ट्रॅपमध्ये तेवढा वेळ कोणाकडे? तबकडी १५ मीटर पुढच्या खंदकातून निघते आणि ७६ मीटर लांब जाऊन पडेल अशा जोराने फेकलेली असते, पहिला नेम चुकला तर दुसरा बार जेमतेम अर्ध्या सेकंदात गेला पाहिजे. शिवाय फुसकं काडतूस कधीकधी उशिरा पण फुटतं, म्हणून बटणाशी खेळायचंच नाही, नळी मैदानाकडेच ठेवून थांबायचं. स्पर्धेत तर नियमच आहे की बंदूक उघडायची नाही, सेफ्टीला हात लावायचा नाही, पंचांना दाखवायची.

मी शॉपमध्ये याचं एक मॉडेल केलं, चहाच्या सुट्टीत, बंदूक वगैरे काही नाही हां, नुसत्या दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, पितळेचं डुलकं, बॉलपेनची स्प्रिंग, आणि सगळं एका छोट्या ट्रॉलीवर बसवून स्पंजवर ढकलायचं, स्पंज म्हंजे खांदा. त्यातून एक गोष्ट कळली जी वाचून लक्षात आली नसती. स्प्रिंग कडक घातली तर ट्रॉली हळू आपटल्यावर डुलकं हलतच नाही. स्प्रिंग मऊ घातली तर नुसती ट्रॉली टेबलावर ठेवली तरी हलतं, आणि ओढीनंतर परत यायला उशीर लावतं. म्हंजे बनवणाऱ्याला एक मधली जागा धरावी लागते, आणि ती जागा तो एका ठराविक काडतुसाच्या झटक्याला धरून ठरवतो. म्हणूनच कमी वजनाचं, हळू जाणारं काडतूस जड बंदुकीत घातलं की काही बंदुका दुसरा बार द्यायला कुरकुर करतात. खांद्याला बंदूक ढिली धरली तरी तसंच, कारण बंदूक नीट थांबली पाहिजे, गादीवर आपटल्यासारखी नाही. आणि ग्रीस! आत जुनं ग्रीस घट्ट झालेलं असेल आणि निफाडची जानेवारीतली पहाट असेल, जिथे द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, तर डुलकं पण कुडकुडत बसणार. बऱ्याच वेळा लोक म्हणतात ट्रिगर खराब झाला आणि निघतं काय तर दहा वर्षांचं तेल. पण ते काढायचं काम लायसन्सवाल्या गनस्मिथचं, यूट्यूब बघून दस्ता खोलायचं आपलं नाही. मी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा होतो त्या दिवशी, म्हणून सांगतोय.

बेरेटाची ६८६ किंवा त्या घरातल्या बाकीच्या बंदुका याच डुलक्याच्या जातीच्या. आणि ओव्हर-अंडर म्हटलं की जिचं नाव निघतंच ती ब्राउनिंगची सुपरपोज्ड. जॉन ब्राउनिंग म्हंजे १२८ पेटंट नावावर असलेला माणूस, तो १९२६ मध्ये बेल्जियममध्ये कारखान्यातच हार्ट अटॅकने गेला, तेव्हा ही बंदूक पूर्ण व्हायची होती. पुढचं काम मुलाने, व्हॅल ब्राउनिंगने केलं. १९३१ ला बंदूक बाजारात आली ती दोन ट्रिगर घेऊनच, एकच ट्रिगर नीट चालवणं हे मुलाने नंतर जमवलं. मला हे वाचून जरा बरं वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाच्या बंदुकीत पण ही गोष्ट पहिल्या फटक्यात आली नाही.

मग येतो मेकॅनिकल ट्रिगर. याच्यात पुरावा मागायचा नाही. पहिल्यांदा ओढून सोडलं की सोडण्याच्या हालचालीनेच आतला जोड दुसऱ्या खटक्याखाली जातो, बार झाला असो नसो. बॉलपेनसारखं, जी माझी पहिली आयडिया होती. पहिलं फुसकं निघालं, परत ओढा, दुसरी नळी हजर. डमी काडतुसावर थापा मारायची गरज नाही. क्रीगहॉफची के-८० ही अशी, ब्राउनिंगने पण २०१२ च्या ७२५ मॉडेलला मेकॅनिकल ट्रिगर दिला.

पण थांबा, मग ते भूत? ती मधली ओढ? ती तर येणारच, ती बंदुकीच्या नाही माणसाच्या अंगात आहे. म्हणून मेकॅनिकल म्हणून विकलेल्या बऱ्याच बंदुकांमध्ये पण एक झुलणारं वजन असतंच, दुकानदार हे सांगत नाही. फक्त त्याचं काम उलटं. इनर्शियामध्ये झटका आला की परवानगी मिळते. मेकॅनिकलमध्ये परवानगी आधीच दिलेली असते, झटका आला की तेवढ्यापुरती मनाई होते, वजन झुलून ट्रिगरच्या वाटेत आडवं येतं, झटका गेला की बाजूला होतं. हे मला कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण नेटवर सगळीकडे असं लिहितात जसं काही एकात इनर्शिया आहे आणि दुसऱ्यात नाही.

चांगलं कुठलं? भाचीने पण हेच विचारलं. माझं मत विचाराल तर स्पर्धेत चांगल्या कंपनीची नवी काडतुसं वापरणाऱ्याला इनर्शियाचा काही तोटा नाही, फुसकं निघणं क्वचित, तुकडे कमी, दुरुस्ती सोपी. घरी डमीवर खूप प्रॅक्टिस करणाऱ्याला मेकॅनिकल सुखाचा. आणि ज्याला दोन्हीत विश्वास नाही त्याने तात्यांसारखे दोन ट्रिगर वापरावेत, त्यात बिघडायला काही नाहीच. उलट दोन ट्रिगरमध्ये एक गोष्ट आहे जी सिंगलमध्ये तेवढ्या चटकन मिळत नाही, ती म्हंजे निवड. दोन्ही नळ्यांचा चोक वेगळा असतो, एक जरा मोकळी, छर्रे लवकर पसरवणारी, दुसरी तोंडाशी आवळलेली, लांबचं मारणारी. लांबचं आलं, मागचा ट्रिगर, जवळचं आलं, पुढचा. बोटाला माहीत असतं. सिंगल ट्रिगरवाल्याला आधीच ठरवून बटण सरकवून ठेवावं लागतं, बऱ्याच बंदुकीत ते सेफ्टीच्या बटणावरच असतं, अंगठ्याखाली. ते बटण काय करतं तर डुलकं आधी कुणाच्या खटक्याखाली बसेल एवढंच बदलतं. काही बंदुकांना तेही नसतं, खालची नळी आधी, वरची नंतर, ठरलेलं. खालची आधी का? ती खांद्याच्या रेषेच्या जास्त जवळ असते, झटका सरळ मागे येतो, तोंड कमी उचलतं, दुसऱ्या नेमाला सोपं.

ट्रॅपमध्ये या निवडीची गरजच पडत नाही कारण तबकडी कायम लांबच जाते, पहिला बार जवळ असताना, दुसरा लांब गेल्यावर, क्रम पक्का. म्हणून तिथे सिंगल ट्रिगर शोभतो, बोट जागचं हलवायचं नाही, मूठ तीच, गाल तिथेच. दोन ट्रिगरमध्ये बोट जवळजवळ एक इंच मागे न्यावं लागतं आणि तेवढ्यात हाताची पकड हलते. आपल्याला एक इंच म्हंजे काहीच नाही, पण ११० मिलिमीटरची तबकडी शंभर किलोमीटरच्या स्पीडने पळत असताना ते खूप आहे. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ ला अथेन्समध्ये रौप्य मिळवलं ते डबल ट्रॅपमध्ये, तिथे तर दोन तबकड्या एकदमच सुटायच्या, प्रत्येकीला एकच बार. स्कीट नावाचा तबकड्यांचा दुसरा प्रकार आहे, त्यातल्या जोडीतही तसंच. नाशकात नेमबाजी म्हटलं की आमच्या पिढीला बाम सर आठवतात, भीष्मराज बाम, पोलीस खात्यातून निवृत्त होऊन खेळाडूंचं मन घडवणारे, २०१७ ला गेले. ते सगळं मनाचं बोलायचे, आणि मी इथे लोखंडाचं बोलतोय, पण बोट कधी खरंच ओढतंय आणि कधी नुसतंच आवळतंय हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे, असं मला वाटतं.

बोटावरून आठवलं, एक चूक नवीन पोरं हमखास करतात. पहिला बार झाला की बोट पूर्ण सोडायलाच विसरतात, अर्धवट सोडून परत ओढतात आणि मग ओरडतात की ट्रिगर लॉक झाला. डुलकं दुसऱ्या खटक्याखाली यायला ट्रिगर पूर्ण खाली बसावा लागतो, मेकॅनिकल असला तरी. भाचीचं पहिल्या वर्षी हेच व्हायचं, घाईत तबकडी दिसली की बोट दगड. यावर अमेरिकेत काही ट्रॅपवाल्यांनी अजबच उपाय काढला, ओढल्यावर नाही तर सोडल्यावर बार होणारा ट्रिगर, रिलीज ट्रिगर म्हणतात. बोट आवळून गोठणाऱ्यांसाठी. ऑलिंपिकवाल्या नियमांत तो चालत नाही, आणि चालत नाही तेच बरं, कारण दुसऱ्या कुणी चुकून ती बंदूक हातात घेतली तर त्याचं काय होईल विचार करा.

आणि खरंच दोन्ही बार एकदम गेले तर? तर ते डुलक्याचं दुखणं असू शकतं, स्प्रिंग मेली असेल, किंवा हॅमरची खाच आणि खटका यांच्या कडा झिजल्या असतील. खटका हॅमरला पकडून असतो तो नखाच्या जाडीएवढ्या कडेने, जास्त नाही. कुणीतरी ट्रिगर हलका व्हावा म्हणून ती कड कानस मारून कमी केली असेल तर पहिल्या बाराच्या हादऱ्यानेच दुसरा हॅमर सुटतो, तिथे बोटाचा संबंधच नाही. अशी बंदूक त्याच मिनिटाला बाजूला ठेवायची, अजून एकदा बघू असं करायचं नाही. चांगला ट्रिगर साधारण दीड ते दोन किलोच्या ओढीला सुटतो, त्याच्या खाली न्यायची हौस ज्याला आहे त्याने ती गनस्मिथजवळ बोलून दाखवावी, कानशीजवळ नाही.

मॉडेल अजून शॉपमध्ये टेबलावर आहे. तात्या मध्यंतरी नाशिकरोडला डॉक्टरकडे आले होते तेव्हा त्यांना दाखवलं, ट्रॉली ढकलून, डुलकं कसं झुलतं, मधली ओढ कशी वाया जाते, सगळं. त्यांनी नीट बघितलं, दोनदा स्वतः ढकलून बघितलं, आणि म्हणाले, "एवढी सगळी भानगड एक घोडा वाचवायला?" मग परत एकदा ढकललं.